इथे बोललेले कुठे जाते

गुरुवार, रात्री

या वहीत क्लायंटचे नाव लिहायचे नाही, हे समुपदेशनाचे प्रशिक्षण सुरू झाले तेव्हाच ठरवले होते. आता वय, जिल्हा आणि आडनावाचे आद्याक्षरही गाळते. पुण्यात ही खबरदारी अनाठायी नाही. आडनाव, पेठ आणि शाळा एवढे कळले की समोरचा माणूस बसल्या बैठकीत सामाईक ओळख शोधून काढतो, आणि त्याचा त्याला मनापासून आनंद होतो. म्हणून पुढे ज्याच्याविषयी लिहीत आहे तो कोणी एक मुलगा नाही. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमधून आमच्याकडे येणाऱ्या अनेकांच्या हकिकती एकत्र करून मी तो उभा केला आहे.

राज्यसेवेची तयारी करणारी ही मुले ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतात. वाचलेले लक्षात राहत नाही, झोप नीट लागत नाही, मेसचे जेवण पचत नाही, इथून सुरुवात होते. हुकलेली प्रिलिम, गावाकडून दरमहा येणारे पैसे, ‘यंदा तरी होईल ना?’ हा फोनवरचा प्रश्न, हे सारे पुढच्या सत्रांत येते, तेही सांगता सांगता मध्येच थांबत. पहिल्या भेटीत ही माहिती काढून घेण्यापेक्षा, त्याने न विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देणे मला अधिक निकडीचे वाटते. इथे बोललेले रूममेटला कळेल का, क्लासच्या सरांना कळेल का, घरी कळेल का, आणि उद्या पद मिळाले तर हे कुठल्या कागदावर निघेल का?

त्यामुळे संमतिपत्रावर सही घेण्याआधी मी ते शब्दांत सांगते. ‘तुम्ही बोलाल ते माझ्याजवळ राहील. मी अजून शिकते आहे, म्हणून माझ्या मार्गदर्शक मॅडमशी मी चर्चा करते, पण तुमची ओळख पटेल असे काही सांगत नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले, तर मात्र मी गप्प बसणार नाही. शक्यतो आधी तुम्हाला सांगेन आणि मगच कुणाशी बोलेन.’ मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला, पण त्याच कलमात जिवाच्या धोक्यासारखे अपवादही आहेत. लहान मुलावरील लैंगिक अत्याचार कळला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे. हे अपवाद सुरुवातीलाच सांगितले तर माणूस बिचकतो, असे आमच्यातल्या काहींचे मत आहे. मला ते पटत नाही. ‘सगळे गुप्त राहील’ हे आश्वासन कोणीही देते, आणि ज्याने चुलत भावाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट आठवडाभरात गावभर झालेली पाहिली आहे, त्याला ते आश्वासन ओळखीचे वाटते. मर्यादा ऐकल्यावर तो पहिल्यांदा नीट मान वर करून पाहतो. बहुधा तेव्हाच त्याचा दुसरा प्रश्न येतो: ‘मॅडम, तुमचे शिक्षण काय?’

हा प्रश्न मला आवडतो. समुपदेशकाची पाटी कुणीही लावावी अशी परिस्थिती आपल्याकडे दीर्घकाळ राहिली; चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, समुपदेशकांसाठी तशी व्यवस्था नव्हती, आणि २०२१ च्या कायद्याने त्यांना संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या यादीत घेतले तेव्हा कुठे ती वाट उघडली. अशा वेळी पदवी विचारणारा क्लायंट उद्धट नसतो, शहाणा असतो. मी मानसशास्त्रात एम.ए. केले आहे, मी डॉक्टर नाही, औषधे देत नाही, आणि गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते, असे सरळ उत्तर देते. रात्री मी फोनवर उपलब्ध नसते हेही सांगते आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून देते.

अभ्यासक्रमात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स पाठ झाला होता: १९५७ च्या लेखातील त्याच्या अटी, म्हणजे सहवेदना, विनाअट स्वीकार आणि समुपदेशकाचा आतबाहेर एकसारखा असलेला खरेपणा. त्या खऱ्याच आहेत. पण नवशिक्याला एडवर्ड बॉर्डिन हा दुसरा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत होत चालले आहे. १९७९ मध्ये त्याने उपचारातील भागीदारीचे तीन घटक सांगितले: कशासाठी भेटतो आहोत यावर एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि परस्परांतला बंध. आम्ही शिकाऊ मंडळी सारा जीव तिसऱ्यावर लावतो. आवाज मऊ ठेवतो, माना डोलावतो. हा मुलगा मात्र ‘काय करू ते सांगा’ असे विचारत आलेला असतो, कारण आजवर वडीलधाऱ्यांनी, सरांनी आणि टॉपरच्या व्हिडिओंनी त्याला तेच दिले आहे. मी वेळापत्रक देणार नाही, तर मग आपण इथे नेमके काय करणार आहोत, हे त्याच्याशी बोलून ठरवले नाही, तर नुसत्या मायेने तो दोन-तीन भेटी येतो आणि मग ‘क्लासची वेळ बदलली’ असा निरोप येतो.

विश्वास बसतो आहे की नाही, याची चाचणी तोच घेतो. आधी एखादी किरकोळ गोष्ट सांगतो, मेसवाल्याची थकलेली रक्कम वगैरे, आणि पुढच्या वेळी मला ती आठवते का, आठवली तर माझा चेहरा कसा होतो, हे पाहतो. मी समोर लिहीत बसत नाही. तो गेल्यावर मोजक्या ओळींत टिपण करते, आणि त्यात काय लिहिले आहे हे तो कधीही विचारू शकतो असे त्याला सांगून ठेवले आहे.

आज त्याच्या आईचा फोन आला. ‘फी आम्हीच देतो, मी आईच आहे, काय बोलतो तेवढे सांगा.’ त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता, धास्ती होती, आणि नुसते ‘नियमात बसत नाही’ म्हणणे मला निष्ठुरपणाचे वाटले. त्यांची काळजी मी पूर्ण ऐकून घेतली; तो सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय मी काही सांगू शकत नाही, आणि तुमचा फोन आल्याचे मी त्याला सांगणार आहे, हे त्यांना सांगितले. त्या थोड्या दुखावल्या. मॅडमचे म्हणणे असे की पुढच्या सत्राची सुरुवात याच फोनने करावी, आईंना भेटायला बोलवायचे का हे त्याला ठरवू द्यावे, आणि बोलवायचे ठरले तर कोणत्या गोष्टी काढायच्या व कोणत्या नाहीत, याची यादी त्यानेच करावी. मंगळवारी सत्र आहे. तोवर आईंना वेळ दिलेली नाही.