कंदील धरणाऱ्याला पगार कोण देतं?

भाचा हल्ली सिनेमा बघून झाला की लगेच त्याचा अर्थ बघतो. यूट्यूबवर कुणीतरी दहा मिनिटांत शेवट उलगडून सांगत असतं, तो. परवा दुपारी जेवणं आटोपल्यावर 'तुंबाड' बघून झाला आणि त्याने मला ऐकवलं, "मामा, हस्तर म्हणजे लोभ." हस्तर म्हणजे त्यातला सोन्याचा राखणदार राक्षस. आता हे काही सिनेमाने लपवून ठेवलेलं नाही. मला आपली त्या हस्तरला भुलवायला नेतात ती कणकेची बाहुली आठवत राहते. देवीच्या गर्भात उतरायचं कसं, हे बाप पोराला शिकवतो, गल्ल्यावर बसायला शिकवावं तितक्या सहज. त्यापुढे हस्तरची काय भीती वाटणार?

गूढपटांच्या बाबतीत माझी खोड जरा वेगळीच आहे. पावसाळी रात्र, करकरणारं फाटक आणि कंदील धरून पुढे येणारा म्हातारा नोकर दिसला, की मला भीतीऐवजी हिशेब सुचतो. मालक कधीच वारलेत, वाड्यात चिटपाखरू नाही, मग ह्याला पगार कोण देतं? रॉकेल कुठून येतं? घरचे म्हणतात, तू गप्प बस नाहीतर बाहेर जा.

ही खोड मावशीकडून आली असावी. दूरदर्शनवर 'महल' लागला होता. आम्ही सगळी पोरं एका चादरीत, आणि मावशी पलीकडे ताटात तांदूळ निवडत बसलेली. झोपाळ्यावर मधुबाला दिसली की चादर डोक्यावरून. मावशीने मात्र भुताकडे एकदाही मान वर केली नाही, खडे वेचत राहिली. पण हिरोची बायको, ती रंजना, पडद्यावर आली की तिचे हात थांबायचे. एकदा तर अशोक कुमारलाच म्हणाली, "हिच्याकडे बघ की रे मेल्या!"

सबंध 'महल' त्या एका वाक्यात आहे, असं मला अजून वाटतं. १९४९ चा सिनेमा, दिग्दर्शक म्हणून कमाल अमरोहींचा पहिलाच. त्यातलं भूत शेवटी माळ्याची मुलगी निघते. (एवढ्या वर्षांनी रहस्य फोडल्याचं पाप लागत नसावं.) माळ्याच्या मुलीकडे महालाचा मालक कशाला बघतोय? तीच मुलगी महालाच्या जुन्या मालकाची मेलेली प्रेयसी कामिनी होऊन रात्री गाऊ लागली, तर हा घरदार विसरून तिच्यामागे. आणि रंजना? तिला तो रानात कुठेतरी नेऊन ठेवतो, वटवाघळांच्या सोबतीला. शेवटी ती विष घेते आणि मरता मरता नवऱ्याचं नाव घेते, ह्यानेच मारलं म्हणून. तेव्हा कुठे भरल्या कोर्टात तिचं म्हणणं ऐकलं जातं. एकीला भूत व्हावं लागलं, दुसरीला मरावंच लागलं.

त्यात ते गाणं. 'आयेगा आनेवाला' गायलं लता मंगेशकरांनी, पण तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. पात्राचं! तेव्हा तशीच रीत होती. ही गाते कोण, असं लोक रेडिओला विचारू लागले, तेव्हा खरं नाव बाहेर आलं. म्हणजे गाणारी जिवंत बाई गायब आणि खोट्या भुताचं नाव छापील. एखाद्या पटकथेत हे असतं, तर मीच म्हटलं असतं की आता अतिच झालं.

काकांना त्या सिनेमातलं गाणं तेवढं आवडायचं. गाणं संपलं की त्यांचा डोळा लागायचा. त्या दिवशी जाग आली आणि त्यांनी चहा मागितला, नेमका रंजनाच्या शेवटाच्या सुमाराला. मावशी उठून आत गेली. ती कप घेऊन परत येईपर्यंत कोर्टबिर्ट सगळं आटोपलं होतं. आम्ही पोरं एका सुरात ओरडलो, "मावशी, भूत खोटं होतं!"

"ते ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "बायकोचं काय झालं?"