पाडलेल्या मैदानांत काय बघतेस?

मंडळाच्या कार्यक्रमात हा प्रश्न ठरलेला. भारतातून पाहुणे आले की पुन्हा तोच. "क्रिकेटच्या घरातली तू, पिट्सबर्गच्या जुन्या बेसबॉल मैदानांमागे कशाला फिरतेस?" आजवर हसून विषय बदलला. आता एकदा सांगूनच टाकते.

सुरुवात साधीच. ऑफिस पिट्सबर्गच्या ओकलंड भागात होतं. जेवणाच्या सुट्टीत चालताना वेलींनी वेढलेली एक विटांची भिंत लागायची, तिच्यावर ४५७ असा आकडा, फुटांतलं अंतर. फोर्ब्स फील्डची ती मागची भिंत. मैदान १९०९ साली सुरू झालं, १९७० साली बंद पडलं. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमतात, १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अजिंक्यपद मालिकेच्या, निर्णायक सामन्याचं रेडिओ समालोचन लावतात आणि पिट्सबर्गला जिंकून देणाऱ्या मॅझेरोस्कीच्या शेवटच्या फटक्याला आजही ओरडतात. हे मला फार आवडलं. मग आणखी मागे गेले, नदीकाठच्या एक्स्पोझिशन पार्कपर्यंत. १९०३ ची पहिली वर्ल्ड सिरीज तिथेही खेळली गेली. त्याआधीच्या वर्षी ४ जुलैला नदीचं पाणी मैदानात शिरलं, तरी खेळ थांबला नाही. पाण्यात पडलेल्या चेंडूला एकच बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा एकच टप्पा, असं ठरवून टाकलं.

आठ वर्षांपूर्वी मंडळींना ही ठिकाणं दाखवायला व्हॅन केली. एक्स्पोझिशन पार्कच्या जागी आता गाड्या लागतात. तिथे मी वीस मिनिटं बोलले. परत निघताना चालकांनी विचारलं, "आणि बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यू?" सत्तरीचे कृष्णवर्णीय गृहस्थ होते. मी म्हटलं, "तिथे आता बघण्यासारखं काही उरलं नाही." ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, आत्ता पार्किंगच दाखवलंत ना?" थोड्या वेळाने म्हणाले, वडील त्यांना हात धरून त्या वस्तीत न्यायचे. कुठल्या दारापाशी तिसरा बेस होता, तिथला फटकेबाज जॉश गिब्सनचा चेंडू कुठल्या छपरावरून गेला असता, सगळं दाखवायचे. व्हॅनमध्ये कुणीच काही बोललं नाही.

वेळ कमी होता, सोबत मुलं होती, हे खरं आहे. पण 'तो भाग बरा नाही' हे आपल्याच लोकांत ऐकलेलं वाक्य मी न तपासता पुढे चालवलं होतं, हेही खरं.

बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या मैदानाबद्दल, ग्रीनली फील्डबद्दल, मला माहीत नव्हतं असंही नाही. फोर्ब्स फील्ड कृष्णवर्णीय संघांना भाड्याने मिळायचं, कपडे बदलायची खोली मात्र नाही. म्हणून गस ग्रीनलीने १९३२ साली हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीत आपल्या क्रॉफर्ड्स या कृष्णवर्णीय संघासाठी स्वतःचं मैदान बांधलं. सॅचेल पेज, गिब्सन, कूल पापा बेल असे नामवंत कृष्णवर्णीय खेळाडू तिथे खेळले. १९३८ साली ते पाडून सरकारी घरं बांधली. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला. तीनच महिन्यांनी, कृष्णवर्णीयांना तोवर बंद असलेलं मोठ्या लीगचं दार जॅकी रॉबिन्सनला उघडलं. दलित क्रिकेटपटू पाळवणकर बाळूंना पुण्यात पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा, ही गोष्ट ऐकत वाढलेली मी. मला हे तेव्हाच टोचायला हवं होतं.

आता सगळे म्हणतात, ती फेरी पुन्हा काढ, बेडफर्डसकट. अजून काढलेली नाही. लोकांच्या राहत्या घरांपुढे घोळका घेऊन उभं राहणंही मनाला पटत नाही, न जाणंही पटत नाही. एकटी जाऊन येते. तिसरा बेस कुठल्या दारापाशी, ते त्या दिवशी मी त्यांना विचारलंच नाही.