मोर नंतर, आधी कागद

घरी भेटकार्डं करणाऱ्यांचा सगळा जीव ठशांत. मोर, कोयऱ्या, गणपती दिसले की हात सैल सुटतो. कागदाची पाळी आली की मात्र ‘पांढरं, जाडसर काहीतरी द्या’. माझं मत उलट आहे. ठसा साधा चालेल. कागद निवडताना कंजुषी नको, आणि घाई तर मुळीच नको.

आमच्या नागपूरच्या इतवारी बाजारात कार्डशीट मागितली की दुकानदार आधी चकचकीत आर्ट कार्ड पुढे सरकवतो. ‘हे घ्या ना ताई, छपाई मस्त येते याच्यावर.’ खोटं काही नाही त्यात, पत्रिका छापणाऱ्यांना तेच लागतं. पण त्या कागदावर लेप असतो. आपल्या पॅडची शाई त्यात मुरत नाही, वरच बसते. पिगमेंट शाई, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची, सावकाश वाळणारी शाई असली तर दुसऱ्या दिवशीही अंगठ्याला लागते. फार शोषणारा कागदही नको, पिसाऱ्यातल्या बारीक रेघा फुटून एकमेकींत शिरतात. म्हणून माझ्या पर्समध्ये एक ठसा आणि छोटं पॅड कायम. कटिंगचा तुकडा मागायचा, ठसा उमटवायचा, जरा थांबून बोट फिरवायचं. दुकानदार काय म्हणायचं ते म्हणो! बहुतेक वेळा बिनलेपाची, गुळगुळीत आयव्हरी शीटच जिंकते, आणि ती स्वस्तही असते.

जीएसएमचा बाऊ फार. ते एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-४ चे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद ५ ग्रॅमचा, २४० ची कार्डशीट १५ ग्रॅमची. पण वजन म्हणजे जाडी नव्हे. २०० चा हातकागद ३०० च्या आर्ट कार्डापेक्षाही भरदार लागू शकतो. हातकागदाचं आपल्याकडे वेगळंच अप्रूप. जवळच वर्ध्याला १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने ग्रामोद्योग संघ उभा राहिला, त्याच्या ठाण्यात, मगनवाडीत, हातकागदाचंही काम चाले. तरी त्याच्या खरबरीत अंगावर नाजूक ठसा तुटक उमटतो. त्याला लाकडी, ठसठशीत ठसाच शोभतो.

खरी परीक्षा घडीत. मशीनवर लगदा एका दिशेने धावतो, म्हणून तंतूही बहुतेक त्याच दिशेने पडतात. शीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवा: एकीकडून मुकाट वाकते, दुसरीकडून अडते. अडते तिकडून घडी घातली की गडद मरून कार्डाच्या कण्यावर पांढरे तंतू फुटून येतात, केस पिंजारल्यासारखे. मग वर कितीही सुंदर मोर काढा, नजर तिथेच जाते. घडीआधी पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यावी. त्यासाठी महागडं अवजार कशाला?

आणि आपलं नागपूर! मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की ठशावरची शाई कागदापर्यंत पोचायच्या आत सुकू लागते. कूलर लावावा तर त्याच्या ओल्या हवेने शीटची टोकं वर उचलली जातात. मी कार्डं सकाळी लवकर करते, कूलर बंद ठेवून. उरलेल्या शीट आडव्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गादीखाली. घरचे कुरकुरतात, कुरकुरू देत.