आत्या, नखुले आणि शंभर फुटीवरचं इटालियन

एप्रिलच्या शेवटी आत्या मिरजेला डोळे दाखवायला आली होती, आणि आत्या आली की एकदा तरी तिला बाहेर जेवायला न्यायचं हे माझं ठरलेलं असतं. ती 'कशाला गं, घरात काय कमी हाय' म्हणते, मग आम्ही जातो आणि येताना तीच म्हणते भाजीला दाण्याचं कूट कमी होतं. यावेळी पण थाळीलाच गेलो असतो पण आमच्या चिरंजीवांनी रिक्षातच पिझ्झाचा घोषा लावला, बहात्तर वर्षांची माळकरी बाई, डोळ्यात ड्रॉप घातलेले, जवळचं काही दिसत नाही, हिला घेऊन पिझ्झा खायला कुठं जाऊ मी? पण आत्याच म्हणाली चला की, पोराचं मन कशाला मोडायचं.

तर सांगलीत विश्रामबागेत शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत एका बंगल्याच्या खाली, जिथं आधी दोन गाड्या लागायच्या तिथं, सहा टेबलांचं इटालियन आहे. नाव सांगत नाही कारण आधीच रविवारी जागा मिळत नाही. चालवणारा पोरगा इथलाच, क्रूझच्या जहाजावर किचनमध्ये नऊ वर्षं काढली आणि लॉकडाउनमध्ये परत आला तो आलाच. तो आणि बायको आत, वडील गल्ल्यावर, आणि आई मागच्या खोलीत पाटावर बसून पास्ता वळते. हो, पाटावर. मी दोनतीनदा आधी गेलेय पण मागं कोण बसतं ते मला या खेपेला कळलं.

सर्व्हिस स्लो आहे हे आधीच सांगते, भूक लागल्यावर जाऊ नका, भूक लागायच्या अर्धा तास आधी जा.

आत्याला मेनू दिसत नव्हता म्हणून पोरगाच येऊन शेजारी बसला आणि एकेक सांगायला लागला, आणि तिच्या गळ्यातली माळ बघून तिनं विचारायच्या आधीच म्हणाला, आज्जी, वरनं चीज किसून घालतो ते खरं पार्मेझान तुम्हाला चालायचं नाही. मी म्हटलं का, दूधच की. तर म्हणे नाही ताई, नियमानं ते वासराच्या पोटातल्या रेनेटनं दूध फाडूनच करतात, त्याशिवाय त्याला ते नाव लावताच येत नाही, मी इथं व्हेज रेनेटचं इथलंच चीज वापरतो पण विचारून घेतलेलं बरं. मी गेली दहा वर्षं पुण्यामुंबईत हिरवा ठिपका समजून काय काय खाल्लंय देव जाणे. आत्या मात्र खूश, 'सांगून वाढतंय पोरगं' म्हणाली, आणि तिथून पुढं त्याचं सगळं तिला गोडच लागलं असं मला वाटतं.

पहिल्यांदा आली कापोनाता. ही सिसिलीकडची वांग्याची आंबटगोड भाजी, तळलेली वांगी, टोमॅटो, सेलेरी, ऑलिव्ह, केपर, व्हिनेगर आणि साखर, थंडच खातात, कुणी कुणी त्यात मनुका पण घालतात. आता वांगी कृष्णाकाठची आणि मनुक्यांच्या जागी तासगावचा बेदाणा म्हटल्यावर बिघडायला काय जागाच नाही. सेलेरी तेवढी मला आवडत नाही, दाताखाली धुण्याच्या साबणासारखी लागते, ती मी बाजूला काढली. आत्यानं पावाबरोबर सगळी वाटी संपवली आणि मग म्हणाली, 'वांगं झकास हाय, पर ह्यात काळं खारट काय लागतंय?' ऑलिव्ह म्हटलं. 'हं.' एवढंच. तो हं मी विसरून गेले.

पिझ्झाचं फार सांगत नाही. आगविटांची भट्टी आहे, बाभळीचं लाकूड, दीड दोन मिनिटांत पिझ्झा बाहेर, कडा करपलेल्या. लेकानं तिसऱ्या घासाला केचप मागितला आणि मला घाम फुटला कारण आत एक पाटीच आहे, केचप मिळणार नाही. गल्ल्यावरच्या काकांनी आधी किचनकडं बघितलं, मग ड्रॉवर उघडून दोन पाऊच हळूच टेबलावर सरकवले. 'लवकर संपव बाळा, ते चिडतंय.' व्हाइट सॉस पास्त्याचं पण तसंच. पोरगा म्हणतो बेशामेल, म्हणजे हाच व्हाइट सॉस, तिकडं लझान्यात वगैरे घालतात, असा ताटभर पांढरा चिखल करून कोण खात नाही, पण काकांनी तो मेनूत ठेवायला लावलाय आणि म्हणे निम्मा धंदा त्याच्यावर आहे.

आणि मग आला तो पास्ता. ओरेकिएत्ते. म्हणजे छोटे कान. इटलीच्या टाचेकडं पुलिया म्हणून भाग आहे तिथला हा, त्याचं जहाज बारीच्या बंदराला लागायचं आणि तिथं जुन्या गावात बायका घराच्या दारात टेबल टाकून हे वळत बसतात, तिथंच बघून शिकला म्हणे. मूळ शलगमच्या पाल्याबरोबर करतात, इथं तो मुळ्याचा पाला घालतो, लसूण, लाल मिरची, तेल. तिकडं त्यात बहुतेक वेळा मासा पण असतो, आत्यासाठी अर्थातच नाही.

आत्यानं एक घास खाल्ला, थांबली. दातात जरा धरतोय म्हणाली, मी म्हटलं तसाच शिजवतात तिकडं. मग तिनं चमचा ठेवला, ताटातला एक कान बोटांत धरला आणि दिसत नव्हतंच तर नुसता चाचपला, आत अंगठा बसतो का बघितला, उलटा केला.

'अगं हे नखुलं हाय.'

नखुलं म्हणजे खिरीसाठी नखानं वळतात ते गव्हाचं वळवट. मी हसले. ती नाही हसली. 'मोठं हाय जरा. पर हे नखुलंच. रुखवताला करत नव्हतो व्हय आम्ही? गव्हले, बोटवे, मालत्या, नखुले. तुझ्या आईच्या रुखवतात माझ्या हातचे होते. ह्याला गहू कुठला वापरतोस रे?' पोरगा म्हणाला बन्सी. झालं, मग दोघं जे सुरू झाले ते मला मध्ये बोलूच देईनात. बन्सी म्हणजेच ड्युरम, पास्ता त्याचाच करतात, इटलीत तर 1967 पासून कायदाच आहे की वाळवलेला पास्ता फक्त ड्युरमचाच करायचा. तो मार्केट यार्डातनं बन्सी रवा आणतो आणि परत गिरणीतून काढतो कारण तिकडं दोनदा दळलेला रवा लागतो, गिरणीवाला दरवेळी शिव्या घालतो. आत्या म्हणाली आमच्या माहेरी खपलीच्या शेवया, तर तो म्हणे खपली पण तिकडं आहे आज्जी, फार्रो म्हणतात, महाग विकतात.

मग कोण ऐकतंय. आत्या उठली, 'कोण वळतंय दाव मला' म्हणत माझा हात धरून मागच्या खोलीत. तिथं त्याची आई पाटावर, पुढं परात, पिठाची वळी, सुरीच्या पात्यानं तुकडा ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. आत्यानं पदर खोचला, खाली बसली, सुरी बाजूला सारली आणि नखानं सुरू केलं. न बघता. त्या काकू म्हणाल्या अहो ताई तुम्ही गिऱ्हाईक आहात, तर ही म्हणते गप बसा ओ, तुमचं जाड होतंय. पुढची वीस मिनिटं मी दारात उभी, आतून कोण कुठल्या गावची, कुणाची सून कुठं दिली हे सगळं, आणि बाहेर लेक तिरामिसु खातोय. आत्याला गोड काही नव्हतंच, तिरामिसुत अंडं, पानाकोटात जिलेटिन, म्हणून शेवटी व्हॅनिला आइस्क्रीमवर गरम कॉफी ओतून दिली. 'चांगलं आइस्क्रीम हुतं, उगीच कडू केलं' म्हणाली आणि वाटी चाटून पुसून संपवली.

बिल अकराशे ऐंशी. काकांनी ऐंशी सोडले, मजुरी म्हणाले.

आठवड्यानं शिराळ्याकडनं फोन. मला वाटलं डोळ्यांचं काहीतरी. 'ते वांग्यातलं काळं खारट हुतं बघ, त्याच्याजागी कच्ची करवंदं मिठात मुरवून घातली तर चालतील का, त्या पोराला इचार.' आता हे विचारायला मी संध्याकाळी भाजी आणायच्या निमित्तानं तिकडं वाकडी वाट केली, लाजत लाजतच सांगितलं. तो बराच वेळ भिंतीकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, ताई, दोन किलो आणायला सांगा, मीठ कमी घालायला सांगा, बाकीचं मी बघतो.

बरणी काल एसटीनं आलीय. माझ्या ओट्यावर आहे, अर्धी मीच खाल्ली.