पोटच्या पोराविरुद्ध

“मुलगा पेन्शन काढून घेतो, अंगावर धावून येतो, तरी ही म्हातारी माणसं तक्रार का करत नाहीत?” बँकेतून निवृत्त झाल्यावर मी ज्येष्ठ नागरिक संघात लोकांचे अर्ज लिहून द्यायला बसतो, त्यामुळे हा प्रश्न नेहमी माझ्या वाट्याला येतो.

विचारलंत म्हणून सांगतो. एक आजी दर महिन्याला पासबुक घेऊन यायच्या, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. “वाचून दाखवा हो भाऊ.” पेन्शन एक तारखेला जमा, दोन तारखेला एटीएममधून गायब. कार्ड मुलाकडे, मेसेजही त्याच्याच मोबाइलवर. आकडा ऐकून त्या म्हणायच्या, “त्याला तरी खर्च काय कमी आहेत?” मला वाटतं, तीच त्यांची तक्रार होती. चौथ्या खेपेला मी तडकून म्हणालो, चला पोलीस चौकीत. त्यानंतर दोन महिने आजी फिरकल्याच नाहीत. चौकीतून परत त्याच घरात झोपायला जायचं, रात्रीची गोळी त्याच घरातल्या हातून घ्यायची, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आल्या तेव्हा आधी विचारलं, तुम्हाला काय हवंय? मुलाला शिक्षा नको होती. कार्ड हवं होतं. बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद केलं, खात्याचा मोबाइल नंबर बदलला. मुलाने आठवडाभर अबोला धरला, तेवढंच.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली निर्वाहासाठी प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अर्ज करता येतो, वकील लागत नाही, मुलाकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत भत्ता मिळू शकतो. फोनवर सल्ला हवा तर 14567. घर मुलाच्या नावावर करून मग त्याने हाकललं, तर कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण सांभाळण्याची अट त्यात लिहिलेली असेल तर काम सोपं होतं. ती अट आधीच घाला म्हणून मी घसा कोरडा करतो. उत्तर ठरलेलं: “पोटच्या पोराला अट?”

त्या आजी अजून येतात. मागच्या महिन्यात खात्यात तीन हजार कमी दिसले. मी चष्म्यावरून पाहिलं.

“मीच दिले,” त्या म्हणाल्या. “त्याने मागितले.”