सोलर पंप चालवायला शिकताना: माझा अनुभव

आमच्या बोअरवर सोलर पंप बसला त्या दिवशी बसवणाऱ्याने पाच मिनिटांत सगळं उरकलं. हिरवं बटण दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. सांगितलं ते खोटं नव्हतं, पण पंप चालवायचा म्हणजे काय हे कळायला मला पुढचं अख्खं वर्ष लागलं.

५ एचपीची तीन फेजची पाणबुडी मोटर, ४८०० वॉटची पॅनलं आणि मध्ये कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज मोटरीला पुरवून तिचा वेग ठरवणारी पेटी. बॅटरी नाही. पाणी साधारण ४० मीटर खाली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसातला बटण दाबलं. पाइपाला कान लावला तर खाली मोटर फिरत असल्याचं कळत होतं, कंट्रोलरवर २८ हर्ट्झ (मोटरीच्या वेगाचा आकडा, पूर्ण वेगाला ५०) दिसत होते आणि पाइपाच्या तोंडाला थेंब नाही. दोन-तीनदा बंद-चालू करून पाहिलं. वडील म्हणाले, "मोटर गेली बहुतेक." तक्रार नोंदवली. माणूस अकराला आला तेव्हा पाणी धो धो पडत होतं.

मोटरीत दोष नव्हताच. लाइटवरची मोटर सुरू झाली की लगेच पूर्ण वेग धरते, सोलरची तसं करत नाही. ऊन जितकं, तितकीच वीज. तेवढ्यात झेपेल तोच वेग कंट्रोलर तिला देतो. पंप पाणी किती उंच चढवणार हे वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग निम्मा झाला तर उंची निम्मी नाही, पाव होते. आमचा पंप ५० हर्ट्झला ७० मीटरपर्यंत दाब देतो, पण २८ हर्ट्झला जेमतेम २२ मीटर. पाणी ४० मीटरवर आहे, म्हणजे ते मध्येच पाइपात उभं राहणार. आमच्याकडे साधारण ३८ हर्ट्झ झाले की पाणी बाहेर पडतं. पाणी वर न येता मोटर नुसती फिरत राहणंही बरं नाही, कारण तिच्या अंगावरून वाहणारं पाणीच तिला थंड ठेवतं. आता मी ऊन चढल्यावरच बटण दाबतो आणि आकडा ३८ च्या वर जातो का ते बघतो.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पॅनलच्या खालच्या कडेने. चार महिन्यांनी पाणी कमी वाटायला लागलं. नुसतं वाटून उपयोग नाही, म्हणून २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवून मोजलं. सुरुवातीला भर दुपारी तो ४८ सेकंदांत भरायचा, आता ७५ सेकंद लागत होते. ऊन तेच, पॅनलही लांबून स्वच्छ दिसत होती. मग एका सकाळी जवळ जाऊन वाकून पाहिलं. प्रत्येक पॅनलच्या खालच्या चौकटीला लागून दोन बोटं रुंद गाळाची पट्टी बसली होती. दव आणि तुरळक पावसाने वरची धूळ ओघळून खाली आली होती आणि चौकटीच्या कडेला अडकून वाळली होती. त्यातच समोरचं तण गुडघाभर वाढलेलं. सकाळ-संध्याकाळ त्याची सावलीही नेमकी तिथेच पडायची.

दोन बोटांच्या पट्टीने एवढं काय होणार, असं मलाही वाटलं. पण पॅनलमधले सेल साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात. साखळीतल्या एका सेलला ऊन कमी मिळालं की सगळ्या साखळीचा प्रवाह घटतो. आमची पॅनलं उभी बसवली आहेत आणि प्रत्येकात अशा तीन साखळ्या आहेत, त्या तिन्ही तळच्या ओळीतून जातात. त्यामुळे तळाची एक ओळ झाकली की अख्खं पॅनल मार खातं. वरचा कोपरा थोडा झाकला असता तर एवढा फटका बसला नसता.

ओल्या फडक्याने पट्टी पुसली, तण कापलं. त्याच दुपारी ड्रम ५० सेकंदांत भरला. तेव्हापासून पॅनल पुसायची ती ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. क्षाराचं पाणी मारून तसंच सोडायचं नाही, डाग बसतात आणि मग निघत नाहीत.

उन्हाळ्यात वेगळी अडचण आली. दुपारी एकच्या सुमाराला कंट्रोलर ड्राय रन (पंपाला पाणी मिळत नाही) दाखवून बंद पडायचा, अर्ध्या तासाने आपोआप सुरू व्हायचा, पुन्हा बंद. भर उन्हात पंप जितकं पाणी ओढायचा तितकं बोअरमध्ये झिरपत नव्हतं. ड्राय रनची सोय बंदच करून टाका, असा सल्ला मला दोघांनी दिला. तो कुणीही ऐकू नये, कोरडी मोटर थोड्या वेळात जळते. आम्ही कंट्रोलरमधली कमाल मर्यादा ५० वरून ४४ हर्ट्झवर आणून घेतली. धार बारीक झाली, पण ती दिवसभर न तुटता चालली आणि संध्याकाळी टाकीत आधीपेक्षा जास्त पाणी होतं. हळू चालवून पाणी वाढतं हे वडिलांना पटायला आठवडा गेला.

ठिबक आता टाकीवरूनच चालवतो. थेट पंपावर जोडलं होतं तेव्हा ढग आला की दाब पडायचा आणि शेवटच्या ओळी कोरड्या राहायच्या. ऊन असताना पाणी वर चढवून ठेवायचं आणि हवं तेव्हा सोडायचं; आमची बॅटरी म्हणजे ही टाकीच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पंप बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनलच्या वायरीत वीज असतेच, आणि आमच्याकडे ती पाचशे व्होल्टच्या वर आहे. पंप वीज ओढत असताना पॅनलचा कनेक्टर (वायरी जोडणारा प्लग) कधीही ओढू नका. पॅनलची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते; तिची ठिणगी घरातल्या विजेसारखी चटकन विझत नाही, ती जळत राहते. असा ओढलेला एक कनेक्टर मी पाहिला आहे: प्लास्टिक वितळून पिनेला चिकटलेलं, आत काळी राख. आधी पंप बंद करायचा, मग आयसोलेटर (पॅनलची वीज कंट्रोलरपासून तोडणारा स्विच) पाडायचा आणि त्यानंतरचं काम जाणकारावर सोपवायचं.

कंट्रोलरच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. दर पंधरा दिवसांनी, स्वच्छ उन्हात बाराच्या ठोक्याला ड्रम मोजतो आणि तारीख, हर्ट्झ, सेकंद लिहितो. सेकंद वाढले की आधी पॅनलची खालची कड बघतो, मग बोअरची पातळी, आणि मगच मोटरीवर शंका घेतो. कालची नोंद आहे ४४ हर्ट्झ, ६६ सेकंद. या महिन्यातल्या आधीच्या नोंदीत आणि तिच्यात एका सेकंदाचाच फरक आहे.