तुम्ही विचारलंत म्हणून: पंचावन्नच्या गटाला मी नाही का म्हणतो

दर हंगामात गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडचे पालक मला विचारतात की, चार दिवस पाणी तोडून मुलगा कुस्तीच्या खालच्या वजनगटात बसत असेल तर मी आडवा का येतो. पॅरिसमध्ये 2024 साली विनेश फोगाट 100 ग्रॅमने बाद झाली, तेव्हा वजन उतरवणे लहानपणीच शिकले पाहिजे, असेही ते ऐकवतात. ती प्रौढ पैलवान होती. तुमच्या मुलाची उंची अजून वाढते आहे.

स्पर्धेला आठवडा उरला असताना पंधरा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर आला. ओठ सोलवटलेले, लघवी कोऱ्या चहासारखी. तिचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ती किती दाट आहे याचा आकडा, 1.030 भरले. ते 1.025 च्या वर असेल तर मी कॅलिपर (कातडीची घडी मोजण्याचा चिमटा) हातात घेत नाही, कारण सुकवलेल्या शरीरावरून काढलेले किमान वजन, म्हणजे ज्याच्या खाली मुलाने उतरू नये ते वजन, खोटे, म्हणजे कमी निघते. वडिलांना हा माझा हट्ट वाटला. दुसऱ्या दिवशी पेज-पाणी पोटात गेल्यावर वजन 58 किलो आले. दंडामागची, खवाट्याखालची आणि बेंबीशेजारची कातडीची घडी पुन्हा पुन्हा मोजली, तेव्हा चरबी 11 टक्के निघाली; म्हणजे चरबी वगळून 51.6 किलो. अमेरिकेतील शालेय कुस्तीत मुलांसाठी किमान 7 टक्के चरबी राखतात, तेच मी इथे पाळतो, म्हणून 0.93 ने भागले आणि किमान वजन आले 55.5 किलो; म्हणजे 55 चा गट बंद.

"सर, अर्ध्या किलोपायी पोराचे वर्ष घालवता?" वडील म्हणाले. मुलगा पोटावरची लाल झालेली जागा चोळत खाली बघत राहिला. तो 60 च्या गटात उतरला आणि पहिल्याच लढतीत चितपट झाला. वडील आजही मला पाहून वाट बदलतात, आणि ते मला लागते.

या मोजणीत दोन-तीन टक्क्यांचा फरक पडू शकतो, हे मी कोणापासून लपवत नाही. चरबी खरोखर 13 टक्के असती तर किमान वजन 54.3 निघून 55 चा गट खुला झाला असता. 9 असती तर तेच 56.8 झाले असते. संशयाचा फायदा मुलाला द्यावा, असे मी पूर्वी म्हणत असे. पण हलका गट मिळणे हा फायदा, की अंगात पाणी राहणे हा? शिवाय आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक वजन उतरवू नये, या हिशेबाने त्याला तीन किलोंसाठी साडेतीन आठवडे तरी हवे होते. आठवड्यात ते पाणी तोडूनच गेले असते. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही; रेनकोट घालून पळणारा मुलगा आतून तापतच जातो. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन पैलवान अशाच रीतीने वजन उतरवताना दगावले.

तोच मुलगा पुढच्या हंगामात सहा आठवडे आधी आला, तर किमान वजनाचा मधला आकडा धरायचा की त्याचे खालचे टोक, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तोवर तो वाढलेलाही असेल, आणि तेव्हा सगळे पुन्हा मोजावे लागेल.